बाळंतिणीचं मन: सातव्या महिन्यापासून कामावर परतेपर्यंत घराने काय करायचं

ठाण्यात बाळंतिणींच्या समुपदेशनाचं काम करताना घरोघरी एक गोष्ट दिसते. टाके, दूध, बाळाचं वजन, लस यांची चौकशी रोज होते. आईला सलग चार तास झोप शेवटची कधी मिळाली, असं विचारलं की मात्र घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. कुणाची माया कमी असते असं नाही. मनाची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भारतात झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यानुसार आपल्याकडे बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या स्त्रिया सुमारे २२ टक्के आहेत, म्हणजे पाच जणींत एक. हा आजार ओळखता येतो आणि बराही होतो. तरी बहुतेक घरांत त्याला ‘नवीन आहे, होईल सवय’ म्हणून बाजूला सारलं जातं.

बाळंतिणीने हा लेख जरूर वाचावा, पण यातली बहुतेक कामं तिची नाहीत. ‘आनंदी राहा, स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगणं म्हणजे आधीच थकलेल्या बाईवर आणखी एक काम टाकणं. मन सावरतं ते झोपेने, हाताशी असलेल्या माणसाने आणि वेळेवर मिळालेल्या उपचाराने. या तिन्हींची सोय घराने करायची असते.

आधी ओळखायला शिका

वार पडली की शरीरातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दूध उतरतं त्याच सुमाराला, कारण नसताना रडू यायला लागतं. क्षणात हसू, क्षणात डोळ्यांत पाणी. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. याला औषध लागत नाही, जवळ बसणारं माणूस लागतं. या दिवसांत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘रडू नको, दूध आटेल.’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. रडल्याने दूध आटत नाही. धास्तीने मात्र पान्हा फुटायला वेळ लागतो, आणि ही धास्ती त्या वाक्यानेच बसते.

दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, तर तो आजार असू शकतो. तो पहिल्या वर्षात कधीही सुरू होतो, काही जणींत गरोदरपणातच. नैराश्य म्हटलं की कोपऱ्यात बसून रडणारी बाई डोळ्यांसमोर येते, म्हणून आपण फसतो. मी भेटलेल्या कितीतरी जणी बाळाला वेळेवर पाजत होत्या, पाहुण्यांशी हसून बोलत होत्या. आत मात्र कशातच रस उरलेला नव्हता. बाळ झोपलं तरी झोप न लागणं, जेवण नकोसं होणं, नवऱ्यावर किंवा आईवर भडका उडणं, ‘मी चांगली आई नाही’ हे सतत वाटणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं आणि त्याची लाज वाटणं, ही याची लक्षणं. आपल्याकडे ती बऱ्याचदा शरीराच्या तक्रारी होऊन बाहेर येतात: डोकं जड, छातीत धडधड, अंगात ताकदच नाही. अशा तक्रारींवर दोन-तीनदा टॉनिक देऊन झालं असेल आणि फरक नसेल, तर मनाची चौकशी करायची वेळ झाली.

एक गोष्ट बायका कुणालाच सांगत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. गॅलरीत उभं असताना ‘बाळ हातातून सुटलं तर’, भाजी चिरताना ‘ही सुरी बाळाला लागली तर’ असे विचार नको असताना मनात घुसतात. ती हादरते, गॅलरीत जाणं सोडते, सुऱ्या लपवून ठेवते. असे विचार नव्या आयांमध्ये फार सर्रास येतात. ज्या विचाराची तुम्हाला भीती वाटते, घृणा येते, तो तुमचा हेतू नसतो. ते वारंवार येऊन दिवस खात असतील तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत आणि सांगितलं म्हणून कुणी बाळ काढून नेत नाही.

याहून पूर्णपणे वेगळी अवस्था हजारात एक-दोघींना होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. ती दोन-तीन रात्री झोपत नाही, तरी थकत नाही. असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते, कानात आवाज येतात म्हणते, बाळ बदललंय किंवा बाळात काही शिरलंय असं खरंच मानते. ही तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तोपर्यंत तिला एकटं ठेवू नका आणि बाळाबरोबरही एकटं ठेवू नका. बाहेरचं लागलंय म्हणून अंगारा लावण्यात जाणारी रात्र फार महागात पडू शकते. घरातल्या मोठ्यांना दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढू द्या, पण गाडी बोलवा.

सातवा-आठवा महिना: एक कागद करा

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी ओटीभरणाच्या आसपास एक कागद करायला सांगते. त्यावर नावं लिहायची, ‘बघू’ असं लिहायचं नाही. रात्री बाळाला कोण घेणार? पहिले चाळीस दिवस स्वयंपाक कोणाकडे? मालिशवाली किंवा जापावाली बाई किती दिवस, आणि ती सुट्टीवर गेली तर कोण? नवऱ्याची रजा कधीपासून कधीपर्यंत? खासगी नोकरीत वडिलांच्या रजेचा कायदा नाही, त्यामुळे वार्षिक रजा आधीपासून राखून ठेवावी लागते. सगळी रजा पहिल्याच आठवड्यात संपवू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. निम्मी रजा दीड महिन्यानंतरसाठी ठेवा, कारण खरी गरज तेव्हा लागते.

पूर्वी कधी नैराश्य, चिंतेचा आजार किंवा द्विध्रुवी विकार झाला असेल, घरात कुणाला असेल, तर तो आत्ताच प्रसूतितज्ज्ञांना सांगा. सासरच्यांपासून लपवायचं असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटा. चालू असलेल्या गोळ्या ‘पोटात बाळ आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजार उलटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

माहेर चिपळूणला किंवा साताऱ्याला आणि डॉक्टर ठाण्याचे, अशी अनेकींची स्थिती असते. माहेरी जायचं तर तिथला एक डॉक्टर आधीच ठरवा आणि फाइलची प्रत बरोबर न्या. आणि माहेर म्हणजे आराम, हे प्रत्येकीबाबत खरं नसतं. जिथे तुम्हाला मोकळेपणाने रडता येतं, ते घर निवडा.

झोप हे पहिलं औषध

बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्यामुळे आईची झोप तुकड्या-तुकड्यांतच होणार, असं गृहीत धरलं जातं. पण मनाला सलग झोप लागते. चोवीस तासांत एकदा तरी चार-पाच तास सलग, हे घराने ठरवून साधायचं.

वन बीएचकेतही ते जमतं. रात्री नऊला पाजून झालं की आई आत झोपेल, दार ओढून घेईल. बाळ हॉलमध्ये बाबाकडे किंवा आजीकडे, दोन वाजेपर्यंत. मधल्या पाजण्याला काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. दूध काढणं अजून जमत नसेल, किंवा पहिल्या आठवड्यांत छाती दुखून दाटत असेल, तर बाळ आत नेऊन पडल्या पडल्या पाजू द्यायचं आणि लगेच बाहेर आणायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटून झोपवणं यासाठी आईला उठवायचं नाही. दोन वाजल्यानंतर आई, मग बाबाची झोप. सकाळी लवकर लोकल पकडणाऱ्याला हे अवघड वाटतं, ते खरंच आहे. मग त्याने नऊ ते बारा घ्यावं, आजीने पहाटे चारनंतर घ्यावं. वाटणी कशीही करा, तिचे तास मोडू नका.

काढलेलं दूध खोलीत चार तासांपर्यंत चालतं. ठाण्याच्या मे महिन्यात मात्र ते सरळ फ्रिजमध्ये टाका, तिथे चार दिवस टिकतं. दूध पुरत नसेल आणि बालरोगतज्ज्ञांनी वरचं दूध सुचवलं, तर ते देण्यात कसलंही पाप नाही. पाजण्याच्या ओढाताणीत आईच कोलमडली, तर बाळाचंच अधिक नुकसान होतं.

संधी असूनही, बाळ दुसऱ्याकडे असूनही, सलग तीन-चार रात्री झोप लागत नसेल, तर ही डॉक्टरकडे जाण्याची खूण समजा. मला विचाराल तर सगळ्या लक्षणांत मी याला पहिलं स्थान देईन.

बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी बाळ तासभर रडू शकतं. त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. डोक्यात तिडीक जायला लागली तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवा, दहा मिनिटं खोलीबाहेर या, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. बाळाला हलवू-झटकू मात्र कधीही नका.

खाणं, शेक आणि रक्ततपासणी

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा हे सगळं खुशाल करा. त्याबरोबर डाळ, उसळ, अंडी-मासे चालत असतील तर तेही, आणि भाज्याही. पथ्याच्या नावाखाली वरण-भात आणि तुपावरच दिवस काढू नका. कोळशाची शेगडी खिडक्या बंद करून लावू नका, विषारी वायूने जीव जातो.

खूप थकवा, मन उदास, केस गळणं यामागे रक्तक्षय, थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते. बाळंतपणानंतर थायरॉईडला सूज येणं दुर्मिळ नाही. मनाच्या उपचारांबरोबर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी-१२ तपासून घ्या.

घरात काय बोलायचं, काय नाही

गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगी होणं या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. आपल्या कोकणपट्ट्याच्याच शेजारची ही माहिती आहे. मुलगी झाली म्हणून कुणी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालं, तर नवऱ्याने त्याच क्षणी, सगळ्यांसमोर बोलायचं. नंतर खोलीत येऊन ‘तू मनावर घेऊ नको’ म्हणण्याचा उपयोग नसतो. घरात मारहाण होत असेल तर तो समुपदेशनाने मिटवायचा प्रश्न नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ११२ वर फोन करा.

‘आम्ही चार-चार मुलं वाढवली’ हे सासूबाईंचं वाक्य बहुतेक वेळा कौतुकाने येतं, ऐकणारीला मात्र ते निकालासारखं लागतं. त्या चार मुलांच्या वेळी घरात जावा, नणंदा, आत्या होत्या. तुमच्या सुनेला कासारवडवलीच्या सतराव्या मजल्यावर दिवसभर एकटीने काढायचा आहे. तेव्हा ‘मी आज बाळाला घेते, तू पड’ एवढं म्हणा.

पाहुण्यांचं नवऱ्याने बघायचं. बारशापर्यंत फक्त घरची माणसं, नंतर फोन करून, अर्ध्या तासासाठी. येणाऱ्याने डबा आणावा, चहाची अपेक्षा ठेवू नये. बाळ कुणासारखं दिसतं याची चर्चा करण्याआधी आईजवळ बसावं. विचारायचं असेल तर ‘कसं वाटतंय?’ याचं उत्तर ‘बरं’ असंच येतं. ‘रात्री किती झोपलीस?’, ‘सर्वांत जास्त त्रास कशाचा होतोय?’ असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

सव्वा महिना संपल्यावर

माझ्या अनुभवात बाळंतपणातले सर्वांत एकटे दिवस इथून सुरू होतात. तिची आई गावी परतते, नवरा कामावर जातो, जापावालीचे पैसे परवडेनासे होतात आणि एका सोमवारी सकाळी घरात फक्त ती आणि बाळ उरतात. घोडबंदरच्या आणि उलव्याच्या नव्या इमारतींत शेजारच्या दारावरचं नावही माहीत नसतं. जी बाई चाळीस दिवस नीट दिसत होती, ती इथे ढासळते, आणि तेव्हा बघणारं कुणी नसतं.

म्हणून ही वेळ टप्प्याटप्प्याने आणा. आजी गावी जायच्या आधीच्या आठवड्यात आजीने रोज दुपारी चार तास घराबाहेर काढावेत, म्हणजे बाळंतिणीला एकटीने सांभाळायचा सराव होईल. नवऱ्याची राखलेली रजा आता लावा. त्यानंतर रोज एक मोठं माणूस घरात येईल अशी सोय करा: सोमवारी मावशी, बुधवारी मैत्रीण, बाकी दिवस घरकामाच्या ताईंना तासभर जास्त थांबायला सांगून त्या वेळेचे पैसे द्या. मजल्यावरच्या एका काकूंना आधीच सांगून ठेवा की बेल वाजली तर बाळाला दहा मिनिटं घ्याल ना. या विनंतीला क्वचितच नकार येतो.

रोज एकदा घराबाहेर पडणं हा उपचाराचा भाग समजा. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. सकाळी वीस मिनिटं तलावपाळीला किंवा उपवनला, नेरुळला असाल तर ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्याकडेने, खारघरला सेंट्रल पार्कात. तेवढंही होत नसेल तर इमारतीखाली दोन फेऱ्या. तिथे दुसरी बाळ घेतलेली आई भेटली तर तिचा नंबर घ्या. रात्री तीनला जागी असणारी दुसरी व्यक्ती माहीत असणं फार मोलाचं असतं.

बाळाची दीड महिन्याची लस याच सुमाराला येते. ती भेट आईच्या तपासणीशीही जोडून घ्या. १९८७ साली एडिनबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं हे त्यात विचारतात, गुण ० ते ३०. दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोला, तेरा किंवा जास्त आले तर टाळाटाळ नको. प्रसूतितज्ज्ञांकडे ती मागा, सात-आठ मिनिटांचं काम आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून कुठलंही उत्तर आलं, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याच दिवशी मदत घ्या.

आणि तिला थेट विचारा: ‘जगणं नको असं वाटतं का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. उत्तर हो असेल तर तिच्याजवळ माणूस ठेवा, घरातली औषधं आणि कीटकनाशकं हलवा, डॉक्टर गाठा.

मदत कुठे आणि ती कशी असते

सर्वांत जवळचा दरवाजा म्हणजे टेलिमानस. १४४१६ हा मोफत नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बाळ मांडीवर असतानाही फोन करता येतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असल्याने तिथे मनोविकार विभाग आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याच्या नावाची भीती अनेक घरांत बसलेली दिसते, पण तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी जाणारी माणसंही असतात.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, मूड, बाळाबद्दलचे विचार, घरची स्थिती विचारतात. सौम्य आजारात समुपदेशन आणि घरातली मदत पुरते. मध्यम-तीव्र आजारात गोळ्या लागतात. ‘गोळ्या घेतल्या तर पाजता येणार नाही’ ही समजूत बहुतेकदा चुकीची असते. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं आणि पाजणाऱ्या आयांना ते नेहमी दिलं जातं. कोणतं औषध, किती, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. ‘मी पाजते’ हे त्यांना आवर्जून सांगा. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, मध्येच सोडू नका.

दाखल करावं लागलं तर बाळाचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये, अशी तरतूद आहे. दाखल करतानाच ही मागणी करा. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असंही तोच कायदा सांगतो.

बाबांबद्दल एवढंच: दहातल्या एका वडिलांनाही या काळात नैराश्य येतं. चिडचिड, उशिरा घरी येणं, दारू वाढणं असं ते दिसतं. १४४१६ त्यांच्यासाठीही आहे.

कामावर परतताना

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं असेल तर. बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. नैराश्याच्या दाखल्यावर ती मागायला संकोच करू नका. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय लागते आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन विश्रांतीच्या वेळा मिळतात.

परतण्याआधी दोन आठवडे पाळणाघर अर्ध्या दिवसाने सुरू करा. पहिला दिवस सोमवार न ठेवता गुरुवार ठेवा, म्हणजे दोनच दिवसांत शनिवार-रविवार हाताशी येतो. गोळ्या चालू असतील तर या महिन्यात त्या कमी करायचा विषय काढू नका, पुढची भेट मात्र चुकवू नका.

उपचारांची सगळी कागदपत्रं, औषधांची नावं, कधी काय झालं याच्या तारखा एका फाइलमध्ये ठेवा. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला ती फाइल प्रसूतितज्ज्ञांना आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. एकदा आजार झालेल्या बाईला तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. तिसऱ्या महिन्यातच तयारी सुरू केली, तर रात्रीच्या वाटणीचा नवा कागद सातव्या महिन्याच्या आधी तयार असेल.